मुरलेली बोर्दो : चाखण्याची रीत आणि सांभाळण्याचे पथ्य

उंची फ्रेंच रेड वाइनच्या किमती ऐकल्या की सामान्य माणूस चकित होतो. एका बाटलीसाठी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत रुपये मोजणारा ग्राहक नेमके काय विकत घेतो, असा प्रश्न साहजिकच पडतो. या प्रश्नाचे निम्मे उत्तर बाटलीच्या लेबलावर असते आणि निम्मे ती बाटली जेथे पडून राहिली त्या जागेत. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील नामवंत रेड वाइन बाटलीत भरली जाते, तेव्हा ती पूर्णपणे तयार झालेली नसते. तिचे उरलेले काम पुढच्या दहा-वीस, क्वचित चाळीस वर्षांत थंड, काळोख्या तळघरात होते. द्राक्षबागेच्या मालकाने कितीही कष्ट घेतलेले असोत, घेणाऱ्याने ती बाटली चार उन्हाळे स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवली, तर सारे व्यर्थ जाते. म्हणूनच वाइनच्या जाणकारांच्या जगात चाखणे आणि सांभाळणे ही एकाच विद्येची दोन अंगे मानली जातात.

मराठी घरांत लोणचे 'मुरते', हा शब्दप्रयोग येथे चपखल बसतो. कैरी चांगली हवी, मीठ-तेलाचे प्रमाण नेमके हवे, बरणी कोरडी हवी आणि वाट पाहण्याची तयारी हवी. यातले एक जरी चुकले तरी लोणचे मुरण्याऐवजी नासते. बोर्दोच्या वाइनचेही तसेच आहे.

दोन काठ, दोन स्वभाव

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक महासागराजवळ, गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद ही विस्तीर्ण खाडी तयार होते. या पाण्याच्या दोन बाजूंना बोर्दोच्या द्राक्षबागा पसरल्या आहेत. डाव्या काठावरील मेदोक भागात नदीने वाहून आणलेल्या गोट्यांची आणि खडीची जमीन आहे. तिच्यात पाणी साचत नाही आणि दिवसाची ऊब ती रात्रीपर्यंत धरून ठेवते. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला अशी जमीन मानवते. उजव्या काठावरील सँ-तेमिलियों आणि पोमरोल या गावांकडे चिकणमाती व चुनखडीचा अंश अधिक, त्यामुळे तेथे मर्लो आणि काबर्ने फ्राँ या जातींचे राज्य आहे.

बोर्दोची रेड वाइन बहुधा एकाच द्राक्षाची नसते. काबर्नेमुळे कणा आणि तुरटपणा येतो, मर्लोमुळे मांसलपणा, तर काबर्ने फ्राँ आणि पती व्हेर्दो यांची थोडी भर सुगंध व रंगासाठी घातली जाते. दर वर्षीचे हवामान वेगळे असल्याने हे प्रमाणही बदलते. काबर्ने सोव्हिन्यों हे काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मले, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी डीएनए चाचणीने १९९७ मध्ये दाखवून दिले. जगभर 'रेड वाइन' म्हटले की आठवणारे हे द्राक्ष एका पांढऱ्या द्राक्षाचे अपत्य निघावे, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले.

बोर्दोच्या प्रतिष्ठेचा पाया १८५५ मध्ये पक्का झाला. तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यानिमित्ताने बोर्दोच्या दलालांनी मेदोकमधील वाइनची पाच श्रेणींत वर्गवारी केली. निकष साधा होता : बाजारात ज्या वाइनला वर्षानुवर्षे जास्त भाव मिळत आला, ती वरच्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीत लाफीत, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरची ओ-ब्रियाँ अशी चार नावे होती. (यातील 'लातूर'चा मराठवाड्याशी संबंध नाही. फ्रेंच भाषेत 'ला तूर' म्हणजे मनोरा.) शातो मूताँ-रोथशील्डला या पंक्तीत बसण्यासाठी १९७३ पर्यंत थांबावे लागले. त्या बढतीच्या आदेशावर तत्कालीन कृषिमंत्री आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जाक शिराक यांची स्वाक्षरी आहे. याच मूताँच्या बॅरन फिलिप दे रोथशील्ड यांनी १९२४ मध्ये आपली सगळी वाइन स्वतःच्या आवारातच बाटलीबंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर बहुतेक माल पिंपांतून व्यापाऱ्यांकडे जाई आणि तेथे बाटल्या भरल्या जात. बाटलीत काय आहे, याची जबाबदारी उत्पादकाने घेण्याची प्रथा यानंतर रुळली.

बाटलीत नेमके घडते काय?

रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या रसात नसतो, तो सालीत आणि बियांत असतो. म्हणून रस सालींसह आंबवला जातो. नंतर ही वाइन ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत भरतात. एका पिंपातून साधारण ३०० बाटल्या निघतात. नामांकित शातोंमध्ये ती या पिंपांत दीड ते दोन वर्षे राहते. या काळात लाकडातून थोडा सुगंध मिळतो आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात हवाही लागते. तळाशी बसलेला साका मागे ठेवून ती ठरावीक काळाने दुसऱ्या पिंपात घेतली जाते. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची येथील जुनी पद्धत अनेक ठिकाणी अद्याप पाळली जाते.

ताज्या बोर्दोचा घोट घेतला की जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. कच्चे जांभूळ, सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर जे होते, तेच. आयुर्वेदाने षड्रसांमध्ये याला 'कषाय' असे स्थान दिले आहे. आधुनिक विज्ञानाच्या मते ही चव कमी आणि स्पर्श अधिक आहे. टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतील प्रथिनांना पकडतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडे पडते.

वर्षे सरतात तसे हे टॅनिन एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात. त्यांच्या साखळ्या लांबत जातात आणि काही साखळ्या जड होऊन तळाशी साका म्हणून बसतात. त्यामुळे तोंडातला खरखरीतपणा मवाळ होतो आणि रंग जांभळटाकडून माणकासारख्या लालाकडे, पुढे विटकरी छटेकडे झुकतो. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संथ अभिक्रियांतून नवे सुगंध तयार होतात. तरुण वाइनमध्ये काळ्या मनुका, चेरी आणि नव्या लाकडाचा वास असतो. मुरलेल्या वाइनमध्ये त्याची जागा देवदार, तंबाखूची पाने, जुने चामडे, अळंबी, पहिल्या पावसानंतरचा ओला पालापाचोळा अशा वासांनी घेतलेली असते.

या साऱ्यात प्राणवायूची भूमिका काय, हे प्रयोगाने दाखवणारा शास्त्रज्ञ म्हणजे लुई पाश्चर. तिसऱ्या नेपोलियनच्या विनंतीवरून त्याने वाइनच्या रोगांचा अभ्यास केला आणि १८६६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. काही बंद नळ्या त्याने वाइनने काठोकाठ भरल्या, तर काहींत निम्मी हवा ठेवली. काठोकाठ भरलेल्या नळ्यांतील वाइन फारशी बदलली नाही. हवा असलेल्या नळ्यांत रंग उतरला आणि साका बसला. हवेचा किंचित स्पर्श वाइनला मुरवतो आणि अधिक स्पर्श तिला मारतो, हा बोध आजही तळघराच्या साऱ्या नियमांच्या मुळाशी आहे.

चाखण्याची रीत

वाइन चाखणे म्हणजे शब्दांची आतषबाजी, असा एक समज आहे. व्यावसायिक परीक्षकाचे काम प्रत्यक्षात बरेच रुक्ष असते. ही वाइन निर्दोष आहे काय, तिच्यात समतोल आहे काय आणि ती आज प्यावी की ठेवावी, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात.

पेला पातळ काचेचा, रंगहीन आणि वर निमुळता होत जाणारा हवा. तो एक तृतीयांशच भरायचा आणि दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उष्णतेने वाइन तापत नाही. प्रथम पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कडेचा रंग पाहतात. मध्यभागी गडद आणि कडेला जांभळट असेल तर वाइन तरुण, कडेला विटकरी पट्टा दिसला तर ती वयस्क. वयाच्या मानाने रंग फारच तपकिरी वाटला, तर ती कोठेतरी तापली असावी, अशी शंका घेतात.

नंतर नाक. पेला न हलवता एकदा वास घ्यायचा, मग तो गोल फिरवून पुन्हा. पहिल्या वासात दोष चटकन कळतात. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट खोलीचा दर्प आला तर वाइनला 'बूच लागले' आहे असे समजावे. बुचातील बुरशीच्या क्रियेतून तयार होणारे टीसीए नावाचे रसायन याला कारणीभूत असते. एका लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅमही वाइनचा सुगंध दडपून टाकायला पुरतात. सिरक्यासारखा झोंबणारा वास आला तर आत हवा शिरली आहे. उकडलेल्या मनुकांचा, मुरंब्यासारखा जड वास आला तर बाटलीने ऊन सोसले आहे.

शेवटी तोंड. लहानसा घोट सगळ्या जिभेवर फिरवून ओठांतून थोडी हवा आत ओढतात, म्हणजे सुगंध घशाच्या मागच्या बाजूने पुन्हा नाकाकडे जातो. आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोलची ऊब आणि फळाचा गर यांपैकी कोणी एक दुसऱ्यावर कुरघोडी करते आहे काय, हे येथे कळते. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर सुगंध किती सेकंद रेंगाळतो, तेही मोजतात. फ्रेंच परीक्षकांनी या एका सेकंदाला 'कोदाली' असे एककच दिले आहे. दिवसभरात अनेक नमुने तपासणारे परीक्षक प्रत्येक घोट थुंकून टाकतात. न थुंकता हे काम शुद्धीत राहून करता येणार नाही.

डोळे नाकाला कसे फसवतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण बोर्दोचेच आहे. तेथील संशोधकांनी एका पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला आणि ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन रेड वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रंगाने जे होते, ते लेबलाने आणि किमतीनेही होते. त्यामुळे महत्त्वाच्या परीक्षणात बाटल्या कापडात गुंडाळून ठेवतात.

तळघराचे पथ्य

चांगल्या तळघराची लक्षणे थोडी आणि ठरलेली आहेत. तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअस. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते दिवसागणिक वर-खाली न होणे. तापमान वाढले की वाइन प्रसरण पावते आणि बुचाला बाहेर ढकलते. ते उतरले की आत पोकळी होऊन हवा ओढली जाते. हे वारंवार झाले की बुचाची पकड सैल होते. हवेतील आर्द्रता ६० ते ७५ टक्के असावी. कमी असेल तर बूच वाळण्याची भीती, फार असेल तर लेबलांवर बुरशी. प्रकाश नको, विशेषतः सूर्याचा. यंत्रांची थरथर नको, तिने साका ढवळला जातो. रॉकेल, रंग, कांदा-लसूण असे उग्र वासाचे पदार्थ जवळ नकोत. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवायची.

बाटलीचा आकारही वय ठरवतो. अर्ध्या बाटलीत, म्हणजे ३७५ मिलिलिटरमध्ये, वाइनच्या मानाने हवेचा वाटा मोठा, त्यामुळे ती लवकर मुरते. दीड लिटरच्या 'मॅग्नम'मध्ये ती सावकाश मुरते. दीर्घकाळ साठवणारे म्हणूनच मॅग्नमला अधिक भाव देतात.

जुन्या बाटलीचे आरोग्य ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आतील वाइनची पातळी. नव्या बोर्दोत ती गळ्यात, बुचाच्या जवळ असते. वीस-पंचवीस वर्षांनी गळ्याच्या पायथ्याशी येणे स्वाभाविक मानतात. तेवढ्याच वयाच्या बाटलीत ती खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर बूच गळते आहे किंवा साठवण बिघडली आहे, असे समजून लिलावात तिचा भाव पडतो.

पथ्य मोडल्यास काय होते, याचा धडा १९८५ सालच्या एका गाजलेल्या बाटलीने दिला. लंडनमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात १७८७ सालची लाफीत म्हणून सांगितलेली एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना विकली गेली. ती अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांची असल्याचा दावा होता. काचेवर 'टी-एच-जे' अशी आद्याक्षरे कोरलेली होती. खरेदीदार फोर्ब्स कुटुंबाने ती न्यूयॉर्कमधील आपल्या दालनात प्रकाशझोताखाली मांडली. दिव्यांच्या उष्णतेने बूच आक्रसले आणि सरळ वाइनमध्ये पडले. जगातील सर्वांत महागडी ठरलेली बाटली अशी तापलेल्या दिव्यामुळे निकामी झाली.

हिंदुस्थानहून परतलेली वाइन

उष्णता आणि बोर्दो यांच्या नात्याला एक भारतीय दुवाही आहे. मेदोकच्या उत्तर भागात सँ-तेस्तेफ गावाच्या सीमेवर खडीच्या टेकाडावर एक विलक्षण इमारत दिसते. फ्रेंच शेतवाडीत शोभणार नाहीत असे पौर्वात्य धाटणीचे मनोरे तिच्यावर आहेत आणि तिचा कोरीव दरवाजा झांझिबारच्या सुलतानाच्या राजवाड्यातून आणलेला आहे. ही शातो कोस देस्तूर्नेल. 'कोस' या शब्दाचे मूळ जुन्या गास्कन बोलीत असून त्याचा अर्थ गोट्यांची टेकडी असा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बागेचा धनी असलेला लुई-गास्पार देस्तूर्नेल आपली वाइन जहाजाने थेट हिंदुस्थानात पाठवी. तेथे न खपलेल्या बाटल्या परत बोर्दोला आल्या, तेव्हा त्यांची चव सुधारल्याचे त्याला आढळले, असे सांगतात. मग तो अशा बाटल्यांना 'हिंदुस्थानहून परत' अशा अर्थाचे चिन्ह देऊन मिरवू लागला. त्याच्या या हौशीपायी त्याला 'सँ-तेस्तेफचा महाराजा' असे टोपणनाव पडले. हा महाराजा अखेर कर्जबाजारी झाला. १८५२ मध्ये त्याला बाग विकावी लागली आणि १८५३ मध्ये तो वारला. दोनच वर्षांनी झालेल्या वर्गवारीत त्याच्या वाइनला दुसऱ्या श्रेणीचा मान मिळाला. तो पाहायला तो उरला नव्हता.

आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या त्या जहाजांच्या तळाशी वाइनने जाता-येता चारदा विषुववृत्त ओलांडले होते. तेव्हाच्या कडक तुरट वाइनचे वय त्या उबेने झपाट्याने वाढले असावे आणि मवाळपणाच ग्राहकांना भावला असावा. आज कोणताही उत्पादक असा प्रवास घडू देत नाही. उष्णतेने सगळ्या रासायनिक क्रिया एकाच प्रमाणात वेगावत नाहीत. तुरटपणा मवाळ होण्याआधी ताजे सुगंध उडून जातात आणि शिजवलेल्या फळाची चव उरते. पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील वाइन मुद्दाम तापवून मुरवतात, हे खरे. पण तिच्यात जास्तीचे अल्कोहोल मिसळलेले असते आणि तिचा बाजच निराळा आहे. बोर्दोला ते सोसत नाही.

केव्हा उघडावी?

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. जगात तयार होणारी बहुतांश वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच असते. बोर्दोतील साधी वाइनही त्याला अपवाद नाही. ती वीस वर्षे ठेवल्यास उत्तम होण्याऐवजी निस्तेज होते. टिकण्यासाठी तुरटपणा, आंबटपणा आणि फळाचा कस हे तिन्ही भरपूर आणि तोलात लागतात. हे भांडवल चांगल्या बागेत, चांगल्या सालीच जमते. १९४५, १९६१, १९८२, २०००, २००५, २००९, २०१० आणि २०१६ ही अशी नावाजलेली साले. याउलट १९७५ हे साल बोधप्रद आहे. त्या वर्षीच्या वाइन कडक टॅनिनमुळे दीर्घायुषी ठरतील, असे भाकीत होते. अनेक बाटल्यांत फळ आधी संपले आणि तुरटपणा तसाच राहिला. काळ जे आहे ते मुरवतो, जे नाही ते घालत नाही.

मध्यम प्रतीच्या चांगल्या मेदोकला साधारण आठ ते पंधरा वर्षे, तर पहिल्या श्रेणीतील वाइनला उत्तम सालात वीस वर्षांपुढेही वाट पाहावी, असा ढोबळ ठोकताळा आहे. मध्यंतरी काही वर्षे वाइन 'मिटून' बसते. फळाचा सुगंध गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो. अशा वेळी उघडणारा ग्राहक हमखास निराश होतो. म्हणून जाणकार एक बाटली न घेता बारा किंवा सहा बाटल्यांची पेटी घेतात आणि दर दोन-तीन वर्षांनी एक उघडून नोंद ठेवतात. पुढची बाटली कधी उघडायची, हे आधीची बाटली सांगते.

टिकाऊपणा हा बोर्दोचा मक्ता आहे, या समजालाही तडा गेला आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांकडून झाकलेल्या बाटल्यांची स्पर्धा घेतली. रेड वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची १९७३ सालची 'स्टॅग्ज लीप' पहिली आली, १९७० ची मूताँ तिच्या मागे राहिली. आमच्या वाइनला अजून मुरायला वेळ हवा, असा युक्तिवाद फ्रेंचांनी केला. तीस वर्षांनी, २००६ मध्ये त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने पटकावले.

वाट पाहण्याचा भार कोणी उचलायचा, हा आर्थिक प्रश्नही आहे. बोर्दोत वाइन पिंपात असतानाच, कापणीनंतरच्या वसंतात, आगाऊ विकण्याची प्रथा आहे. उत्पादकाला पैसा लवकर मिळतो, सांभाळण्याची जोखीम ग्राहकाकडे जाते. शातो लातूरने २०१२ मध्ये या प्रथेतून अंग काढून घेतले. आपली वाइन ती आता स्वतःच्या तळघरात ठेवते आणि पिण्याजोगी झाली असे वाटल्यावर बाजारात आणते. शातोच्या तळघरातून थेट आलेल्या बाटलीला मिळणारा जादा भाव, हे चांगल्या साठवणुकीचे मोलच होय.

उघडताना

वीस-तीस वर्षांची बाटली उघडण्यापूर्वी किमान एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ झालेले असते, ते हलक्या हाताने काढावे. मग एका बाजूला मेणबत्ती किंवा विजेरी ठेवून वाइन संथपणे दुसऱ्या काचपात्रात ओतावी. बाटलीच्या गळ्याशी साक्याची काळी रेघ दिसली की थांबावे. अतिवृद्ध वाइनला हवेत फार वेळ ठेवू नये, तिचा सुगंध अर्ध्या-पाऊण तासातही विरतो. तरुण, तुरट वाइनला मात्र दोन-तीन तासांची मोकळी हवा मानवते.

रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी, हे वाक्य जुन्या युरोपीय घरांतील गार खोल्यांना उद्देशून आहे. बोर्दोसाठी १६ ते १८ अंश योग्य. त्याहून गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढते. त्याहून फार गार असेल तर तुरटपणा बोचतो आणि सुगंध मिटतो.

नावापेक्षा पूर्वेतिहास महत्त्वाचा

किमती वाढल्या तशी बनावटगिरीही वाढली. जेफर्सनच्या म्हटल्या गेलेल्या बाटल्या हार्डी रोडनस्टॉक या जर्मन संग्राहकाकडून आल्या होत्या. त्यांतील काही विकत घेतलेले अमेरिकी उद्योगपती बिल कोक यांनी तपास करवून घेतला. काचेवरील अक्षरे विजेच्या आधुनिक हत्याराने कोरली असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला आणि २००६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रुडी कुर्नियावान या व्यापाऱ्याला बनावट वाइन विकल्याबद्दल २०१३ मध्ये दोषी ठरवले आणि २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. तेव्हापासून बाटली कोणाकडून कोणाकडे गेली आणि कोठे राहिली, याची लेखी साखळी मागण्याची दक्षता खरेदीदार घेऊ लागले. अस्सल बाटलीबाबतही ही साखळी तितकीच मोलाची आहे. ती कोठे राहिली हे कळल्याशिवाय आत काय उरले आहे, याचा अंदाज बांधता येत नाही.

महाराष्ट्राच्या हवेत

नाशिकच्या वायनरींमुळे वाइनचा परिचय मराठी घरांना झाला असला, तरी दीर्घकाळ साठवणुकीसाठी येथील हवा प्रतिकूल आहे. मुंबईच्या खोलीत वर्षातील बराच काळ पारा २७ ते ३३ अंशांवर असतो. विदर्भाच्या उन्हाळ्याची तर गोष्टच नको. वातानुकूलन केवळ रात्री चालू राहणारी खोली अधिकच वाईट, कारण तेथे तापमान रोज वर-खाली होते. घरातला फ्रिज काही आठवड्यांपुरता चालेल. पण त्यातील कोरडी हवा, थरथर आणि भाज्यांचे वास वर्षानुवर्षांच्या साठवणुकीला मानवत नाहीत. तापमान स्थिर राखणारे वाइनसाठीचे खास कपाट आणि वीज गेल्यास पर्यायी सोय, एवढी तयारी असेल तरच मुरवण्याच्या भानगडीत पडावे. अन्यथा मुरलेली बाटली विश्वासू विक्रेत्याकडून घेऊन लवकर उघडणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो आणि घरात ठेवण्याच्या प्रमाणावरही मर्यादा आहे, याचे भान पेटी घेण्यापूर्वी ठेवावे.

थोडक्यात पथ्य

• तापमान १२ ते १४ अंश, बारा महिने स्थिर.
• आर्द्रता ६० ते ७५ टक्के. काळोख आणि शांतता.
• बुचाची बाटली आडवी, उघडण्यापूर्वी एक दिवस उभी.
• जुनी बाटली घेताना पातळी, बूच, लेबल आणि पूर्वेतिहास तपासावा.
• प्रत्येक बाटली उघडल्याची तारीख आणि चवीची नोंद वहीत ठेवावी.
• शंका असेल तेव्हा थोडी लवकर उघडावी. तरुण वाइनला काचपात्रातील हवा थोडीफार मदत करते, गतप्राण वाइनला कोणीच नाही.